शिवणीतली माया

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या बोलण्यात 'माया' हा शब्द नेहमी येतो. 'कापताना माया ठेव गं,' असं थोरल्या बायका नव्याने शिकणारीला बजावतात. ही माया म्हणजे टिपेच्या पलीकडे, शिवणीच्या आत ठेवलेलं जादा कापड. बाहेरून ते दिसत नाही. पण पोर वाढलं, अंग भरलं, की टीप उसवून तेवढी जागा मोकळी करता येते. ज्या कपड्यात माया नाही तो कपडा एका वर्षाचा. माया असेल तर तोच कपडा तीन वर्षं चालतो.

श्रोतेहो, आज मला बोलायचं आहे ते परदेशातल्या काटकसरीच्या संसाराबद्दल, आणि तो संसार सुई-दोऱ्याने सावरणाऱ्या बायकांबद्दल.

ठाणे, मुंब्रा, भिवंडी, कल्याण या पट्ट्यातल्या आम्हा कोकणी मुसलमानांना परदेश काही नवा नाही. कल्याण हे मुळात बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथातही ते 'कॅलिएना' या नावाने येतं. आजोबा-पणजोबांच्या पिढीतले कितीतरी पुरुष बोटींवर खलाशी होते. आखाताशी व्यवहार तर रुपयातच चाले. रिझर्व्ह बँकेने १९५९ साली खास आखाती देशांसाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. १९६६च्या अवमूल्यनानंतर तिकडच्या बहुतेक राज्यांनी रुपया सोडला, आणि गंमत अशी की त्यानंतर थोड्याच वर्षांत आपली माणसं त्यांचे दिरहम-रियाल कमवायला तिकडे जाऊ लागली. १९७३ साली तेलाचे भाव भडकले. तिकडे रस्ते, इमारती, बंदरं उभी राहू लागली आणि इकडे एकेका मोहल्ल्यातले सुतार, वेल्डर, ड्रायव्हर, मेकॅनिक विमानात बसले.

बहुतेक पुरुष एकटेच जात. बायको-मुलांना नेण्यासाठी पगाराची ठरावीक मर्यादा ओलांडावी लागते. ती ओलांडणारे थोडे, आणि ज्यांनी जेमतेम ओलांडली त्यांचे हाल वेगळेच. इकडे लोकांना वाटे, कुटुंब दुबईला गेलं म्हणजे सोन्याच्या ताटात जेवतं. तिकडे निम्मा पगार घरभाड्यात जाई.

बी.ए. झाल्यावर लग्न होऊन मी १९९३ साली शारजाला गेले. यजमान मेकॅनिक. फ्लॅट एक, त्यात कुटुंबं दोन. मधल्या हॉलमध्ये प्लायवूडची आडभिंत. तेव्हा एका दिरहमला साधारण साडेआठ रुपये पडत. तयार पडद्याच्या जोडीची किंमत ६० दिरहम ऐकली की यजमान लगेच हिशेब सांगायचे, 'म्हणजे ५१० रुपये!' नव्याने गेलेल्या प्रत्येक माणसाला ही साडेआठच्या पाढ्याची सवय असते. खिशात दिरहम असतो आणि डोक्यात रुपया. खरं सांगायचं तर बचतीचं पहिलं हत्यार तोच पाढा.

दुसरं हत्यार म्हणजे शिवणयंत्र. तिथे कुणाची नोकरी सुटली की ते कुटुंब आठ-पंधरा दिवसांत सगळं विकून मायदेशी निघतं. किराणा दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठ्या लागतात: पलंग, पाळणा, फ्रिज. अशाच एका चिठ्ठीवरून आम्ही जुनं हातमशीन आणलं. गिरकी जड होती, शटल अडकत होतं. यजमानांनी उघडून तेलपाणी केलं आणि ते चालू लागलं. अकरा वर्षं चाललं.

आधी पडदे झाले. तिकडच्या उन्हात साधा पडदा पुरत नाही, म्हणून आत जाड मांजरपाटाचं अस्तर लावलं. ते कापड मी भिवंडीहून नेलं होतं. मग उशांचे अभ्रे, दुपटी, झबली-टोपडी. बासमती तांदूळ कापडी पिशवीतून येई, पिशवीला चेनही असे. ती धुऊन, आतून अस्तर लावून मुलांच्या बुटांची पिशवी झाली. चादर मधोमध विरली की ती उभी फाडायची, कडेच्या धडक्या बाजू मध्ये आणून जोडायच्या आणि विरलेला भाग कडेला घालवायचा. चादर आणखी दोन वर्षं जाते. यजमानांच्या शर्टाची कॉलर वरून झिजली की ती उसवायची, उलटी करायची आणि पुन्हा बसवायची. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही.

ही काही फक्त गरिबाघरची युक्ती नाही बरं का. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये १९४१ साली कपड्यांवर रेशनिंग आलं, ते १९४९ पर्यंत राहिलं. त्या काळात तिथल्या सरकारने पुस्तिका काढून बायकांना जुन्यातून नवं कसं करायचं ते शिकवलं. चादरीचा हा उपाय तिकडच्या घरांतही होता. माझ्या अम्मीला इंग्लंड नकाशात दाखवता आलं नसतं, पण हा उपाय तिच्या हातात होता. गरज पडली की सगळीकडच्या बायकांचे हात एकाच रस्त्याने जातात.

मुलीच्या शाळेच्या फ्रॉकला मी तीन इंचांची दुमड ठेवत असे आणि वर दोन आडव्या प्लेटा घालत असे. दर वर्षी एक प्लेट सोडायची. सोडलेल्या जागी कापड गडद दिसतं, तिथे त्याच रंगाची फीत लावायची. एक गोष्ट मात्र नवशिक्यांनी लक्षात ठेवावी: सुती कापड बेतण्याआधी एकदा भिजवून वाळवून घ्यावं. कपडा शिवल्यावर आटला तर ठेवलेली सगळी माया वाया जाते.

सर्वांत जास्त चेष्टा झाली ती गोधडीची. वाळवंटात गोधडी कशाला, असं सामान भरताना सगळे म्हणाले. तिकडे बाहेर आगीसारखं ऊन आणि घरात वातानुकूलन. रात्री पोरं गारठून जातात. जुन्या सुती साड्यांचे चार थर आणि धावदोरा घातलेली कल्याणची गोधडी तिथे दुकानातल्या ब्लँकेटपेक्षा कामाला आली. शेजारच्या डोंबिवलीच्या वहिनींनी ती पाहिली आणि आईला पत्र टाकून जुन्या साड्या मागवल्या. मग समोरच्या केरळच्या चेची आल्या, खालच्या मजल्यावरच्या कराचीच्या आपा आल्या. शुक्रवारी पुरुष नमाजला किंवा बाजारात गेले की आमच्या खोलीत चार भाषांचा शिवणवर्ग भरे. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येत नसे. आम्ही पैसे घेत नव्हतोच. चेचींच्या मुलाचा शर्ट शिवला की त्या माझ्या मुलीला गणित शिकवत. आपांचा कुर्ता दुरुस्त केला की रमजानात त्यांच्याकडून हलीमचं पातेलं येई. गणपतीत वहिनींच्या मखराला मी पडदा शिवून दिला आणि मोदक खाल्ले.

परदेशी घराला टाक्यांचा आधार का लागतो, हे मला त्याआधीच कळलं होतं. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळला. तिथे अडकलेल्या भारतीयांपैकी एक लाखाहून जास्त लोकांना अम्मानमार्गे विमानांनी आणलं गेलं. आमच्या मोहल्ल्यातही अंगावरच्या कपड्यांनिशी माणसं परतली. बँकेत पैसे होते, पण हाती येत नव्हते. इराकने कुवेती दिनारच रद्द ठरवला होता. मी तेव्हा कॉलेजात होते. वीस वर्षं तिकडे राहिलेल्या एका खालांनी परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात जुनं पायमशीन ओट्यावर मांडलं आणि लोकांचे परकर, शाळेचे गणवेश शिवायला घेतले. त्यांचे यजमान पुन्हा कामाला लागेपर्यंत चूल त्या मशीनवर चालली. दिनार बुडाला, पण हातातली कला विमानातून बरोबर आली होती. तेव्हाच मी शिवणाच्या वर्गात नाव घातलं.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मुख्यतः इथे आले ती सांगते.

शारजात पहिल्या महिन्यापासून मी एक वही ठेवली होती. घरात काय शिवलं, दुकानात त्याची किंमत किती, कापड-दोऱ्याला किती लागले, आणि वाचले किती. चार ओळींचा हिशेब. कधी त्याच पानावर मागच्या बाजूला कविताही असे, कारण टीप सरळ धावू लागली की मनात शब्द यायला लागतात. २००४ साली आम्ही परतलो आणि कल्याणमध्ये दोन खोल्यांचं घर घ्यायचं ठरलं. करारनामा कुणाच्या नावाने करायचा यावर घरात बैठक बसली. मी म्हटलं, दोघांच्या नावाने करू. एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी सरळ विचारलं, 'हिने कमावलंय काय?'

मी वही आणून ठेवली. यजमानांनी मोठ्याने बेरीज केली. अकरा वर्षांत वाचलेले बारा हजार दिरहम, म्हणजे त्या-त्या वेळच्या भावाने साधारण सव्वा लाख रुपये. खोलीत कुणी बोलेना. मग कोपऱ्यातून माझ्या सासूबाई बोलल्या. त्या शाळेत फारशा गेलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, 'आपल्यात बायकोची मिळकत तिची स्वतःची असते. तिने ती घरात घातली हे तिचे उपकार. नाव लावा.' नाव लागलं.

सव्वा लाखात घर होत नाही, हे मलाही कळतं. घराचा मोठा भार यजमानांच्या घामाचाच होता. पण बाई घरात राहून जे वाचवते ते कुठल्याच पगारपत्रकात दिसत नाही, बँकेच्या पुस्तकात दिसत नाही, आणि म्हणून ते नव्हतंच असं सगळे धरून चालतात. शिवणीतल्या मायेसारखंच आहे हे. आत असते म्हणून कपडा टिकतो, आणि आत असते म्हणूनच कुणी तिची किंमत विचारत नाही.

गांधीजी यंत्रांच्या वेडाविरुद्ध बोलत, हे आपण जाणतो. पण १९२४ सालच्या एका संवादात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायकोचे कष्ट पाहून सिंगरने ते यंत्र बनवलं, त्यामागे प्रेम होतं, असं त्यांचं म्हणणं. सिंगरचं चरित्र वाचलं तर तो काही एवढा एकनिष्ठ नवरा नव्हता. पण गांधीजींचा मुद्दा मला पटतो. यंत्र कुणाचा भार हलका करतं आणि कुणाच्या हातात राहतं, हे पाहायला हवं.

आज काळ बदलला आहे. दिरहम वीस रुपयांच्या वर गेला आहे. कल्याण स्टेशनबाहेर तयार टी-शर्ट इतका स्वस्त मिळतो की तेवढ्यात नुसतं कापडही येत नाही. ब्लाउजच्या कापडापेक्षा शिलाई महाग. तेव्हा प्रत्येक कपडा घरीच शिवा, असं मी सांगणार नाही. तो हिशेब आता जुळत नाही. पण दुरुस्ती, उंची कमी-जास्त करणं, पडदे, अभ्रे, पिशव्या यांचा हिशेब आजही जुळतो. डोंबिवली-ठाण्याची मुलं आता टोरांटोला, डब्लिनला जातात. तिथे पँटची उंची कमी करायला देणाऱ्या माझ्या भाचीने मला फोनवर सांगितलं, 'खाला, पँटपेक्षा दुमड महाग आहे!' मग तिला व्हिडिओ कॉलवर हातशिलाई शिकवली. तिच्याबरोबर तिचा नवराही शिकला, आणि त्याचे टाके तिच्यापेक्षा सरळ येतात.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. ती खरीच आहे. पण ज्याला शिवता येतं त्याला अंथरुणाला चार बोटं पट्टी जोडताही येते, एवढं मी त्यात घालीन.

म्हणून परदेशी निघालेल्या मुला-मुलींना माझं सांगणं आहे. सामानात एक डबी ठेवा: पाच-सहा सुया, काळा-पांढरा-निळा दोरा, चार बटणं, टेप, लहान कात्री. विमानात ती डबी हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत टाका. आणि त्या डबीशेजारी एक वही ठेवा. घरात जो कुणी वाचवेल, बाई असो की पुरुष, त्याने त्यात लिहावं. महिन्याच्या शेवटी पगाराबरोबर ती वहीही दोघांनी मिळून वाचावी.