समाजमंदिराची किल्ली

हिंगोली जिल्ह्यांतील एखाद्या मध्यम वस्तीच्या गांवांत शिरलें म्हणजे मारुतीचें देऊळ, त्याच्यापुढें पार आणि पाराच्या एका अंगास सिमेंटच्या भिंतींची एक लांबट खोली बहुधा दृष्टीस पडते. तिच्या दर्शनी भिंतीवर ‘समाजमंदिर’ हीं अक्षरें रंगविलेलीं असतात आणि दाराला कुलूप असतें. एखाद्या लग्नकार्यांत, सप्ताहाच्या पंगतीला किंवा पुढारी मंडळींच्या सभेपुरतें तें कुलूप निघतें. एरवीं आंत सतरंज्या, भजनाचे टाळ आणि कित्येक ठिकाणीं पूर्वीं केव्हां तरी भरलेल्या शिवणवर्गाचीं यंत्रें धूळ खात पडलेलीं असतात. जागा आहे, सामान आहे, गांवांत माणसेंहि आहेत. मग तीं तेथें कां येत नाहींत? हा प्रश्न वरवर पाहतां किरकोळ वाटेल, परंतु त्याच्या उत्तरांत खेड्याच्या संसाराचा बराच मोठा भाग सामावलेला आहे.

हिंगोली हा जिल्हा म्हणून वयानें लहान आहे. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्याचें विभाजन होऊन तो अस्तित्वांत आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पांच तालुके. उत्तरेच्या अंगास पैनगंगा, दक्षिणेकडे पूर्णा आणि मधून वाहणारी कयाधू; रानांत कापूस, सोयाबीन, तूर आणि वसमतकडील प्रसिद्ध हळद. कारखानदारीचा गजबजाट येथें नाहीं. शेतीचें काम संपलें कीं हात रिकामे राहतात, आणि रिकामे हात काम शोधीत दूर जातात.

याच जिल्ह्यांतील नरसी हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून मानलें जातें. नामदेव शिंपी घराण्यांतले. गोरोबा कुंभार, सांवता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी हीं त्या काळच्या संतमेळ्यांतील नांवें घेतलीं म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. ज्यांनीं महाराष्ट्राला एकत्र बसून गावयास शिकविलें, त्यांचे हात सुई, चाक, खुरपें आणि हातोडी धरणारे होते. काम वेगळें आणि मेळा वेगळा अशी वांटणी त्यांच्या आयुष्यांत नव्हती. जुन्या गांवांतहि लोहाराच्या भात्यापाशीं आणि सुताराच्या ठिय्यावर माणसें सहज जमत. फाळ शेवटून होईपर्यंत पाऊसपाण्याची, सोयरिकीची आणि भांडणतंट्याची सारी चर्चा तेथें होऊन जाई.

परंतु त्या जुन्या व्यवस्थेचें चित्र नुसत्या गोड रंगांत रंगविणें योग्य होणार नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांवगाडा’ या ग्रंथांत बलुत्यांची पद्धत, तिची उपयुक्तता आणि तिचे दोष हीं सर्व परखडपणें मांडलेलीं आहेत. धंदा जन्मानें ठरे. मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर राही. आणि पारावर बसावयाची जागा सर्वांना सारखी नसे. कांहींना तर पाराजवळ येण्याचीहि मुभा नव्हती. म्हणून समाजमंदिर या कल्पनेचें मोल पारापेक्षां अधिक आहे. सार्वजनिक पैशानें बांधलेल्या त्या चार भिंतींच्या आंत कोणत्याहि घरची बाई आणि कोणत्याहि घरचा मुलगा हक्कानें बसूं शकतो. त्याच्या दाराला कुलूप राहिलें, तर एक खोली वांया जाते इतकेंच नव्हे. जुन्या गांवानें जें कधीं दिलें नाहीं, तें देण्याची संधि वांया जाते.

हस्तव्यवसाय आणि गांवचा मेळा यांची नवी सांगड घालण्याचा एक मोठा प्रयत्न मराठी मुलखांतच झालेला आहे. हिंगोलीच्या उत्तरेस पैनगंगा ओलांडली कीं विदर्भ लागतो. त्याच विदर्भांत वर्ध्यास १९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनीं आपली बाग त्या कार्यास दिली आणि मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हें नांव पडलें. अर्थशास्त्राचे अभ्यासक जे. सी. कुमारप्पा हे संघाचे चिटणीस होते. तेलाची घाणी, हातकागद, गूळ, मधमाशांचें पालन, हातानें दळणें आणि कांडणें यांचे प्रयोग तेथें चालत व खेड्यांत काम करूं इच्छिणाऱ्या तरुणांना त्यांचें शिक्षण मिळे. ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींच्या हस्तें मगन संग्रहालयाचें उद्घाटन झालें.

मगनवाडींतील लहानशा वस्तूंकडे पाहिलें तरी त्यामागील विचार कळतो. रॉकेल बाहेरून विकत आणावें लागतें, तेल मात्र गांवच्या घाणींतून निघतें. म्हणून गोडें तेल जाळणारा ‘मगनदीप’ तेथें तयार करण्यांत आला. आज कोणी तो दिवा लावावा असें नव्हे. त्यांतील दृष्टि महत्त्वाची आहे. अगोदर गांवाची गरज पाहावयाची, मग गांवांत मिळणारा माल पाहावयाचा आणि त्यानंतर हाताला काय शिकवावयाचें तें ठरवावयाचें. पुष्कळ वर्गांत हा क्रम उलटा होतो. शिकविणारा प्रथम ठरतो, यंत्र त्याच्यामागून येतें आणि शिकलेली वस्तु कोण घेणार हा प्रश्न वर्ग संपल्यावर उभा राहतो.

हिंगोलीच्या खेड्यांत पाहावयाचें तर गोधडीइतकें चांगलें उदाहरण सांपडणार नाहीं. जुनीं लुगडीं, धोतरें, सदऱ्यांचे तुकडे एकावर एक अंथरावयाचे, कडेनें टांके घालीत आंत आंत जावयाचें, आणि दाट धावदोऱ्यानें सारे थर एकजीव करावयाचे. विकत घ्यावें असें त्यांत सुई-दोऱ्याखेरीज जवळजवळ कांहीं नसतें. शिवाय हें एकटीचें काम नव्हे. गोधडी पसरली म्हणजे चौघीजणी चार बाजूंना बसतात; हात चालतात आणि बोलणेंहि चालतें. सासुरवाशिणीला माहेरची आठवण सांगावयास, म्हातारीला नातसुनेचा टांका सुधारावयास याहून चांगली बैठक कोणती? मात्र गोधडीला मोकळी, कोरडी जमीन लागते. लहान घरांत ती नसते आणि अंगणांत ऊन-पावसाची अडचण असते. समाजमंदिराची फरशी यासाठींच आहे, असें म्हणावयास काय हरकत आहे?

तांड्यावरील भरतकामाची गोष्ट याहून वेगळी आहे. बंजारा समाजाचे तांडे या जिल्ह्यांत ठिकठिकाणीं आहेत. एके काळीं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणारा हा समाज. रेल्वे आणि पक्के रस्ते झाल्यावर त्याचा तो व्यापार गेला. बायकांच्या फेटियावर, कांचळीवर आणि टुकरीवर आरसे, कवड्या आणि रंगीत दोरे यांचें जें काम असे, तें बाजारासाठीं नव्हतें. तें अंगावर घालण्यासाठीं होतें. आतां तरुण मुली तो पोशाख सणासमारंभापुरताच घालतात. आजीच्या बोटांतील टांका नातीच्या बोटांत उतरण्याचें घरगुती कारणच उरलें नाहीं. अशी कला टिकावयाची तर तिला गांवाबाहेरचा ग्राहक लागतो, आणि तो मिळूं शकतो. कर्नाटकांतील संडूर येथें कुशल कला केंद्रानें लंबाणी स्त्रियांच्या भरतकामाला बाजार मिळवून दिला, आणि संडूरच्या त्या कामास २०१० सालीं भौगोलिक मानांकनहि लाभलें. पण त्यासाठीं मालाची पारख करणारा, मागणी आणणारा आणि पैसा वेळेवर चुकता करणारा कोणी तरी वर्षानुवर्षें पाठीशीं उभा असावा लागतो.

दूरच्या ग्राहकावर विसंबण्यांत जोखीम किती असते, तें शेजारच्या नांदेडास पाहावें. तेथील मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिति खादीचे राष्ट्रध्वज तयार करते. हातसूत आणि हातमाग यांचाच ध्वज असावा, हा नियम अशा संस्थांचा आधार होता. ३० डिसेंबर २०२१ रोजीं ध्वजसंहितेंत दुरुस्ती होऊन यंत्रावर विणलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजासहि परवानगी मिळाली. एका कागदावरील दुरुस्तीनें कारागिराच्या पायांखालची जमीन कशी हलते, याचें हें बोलकें उदाहरण आहे. म्हणून शहाणें गांव आपल्या हातांचें सारें काम एकाच खुंटीला टांगून ठेवणार नाहीं.

गांवांतच असलेला ग्राहक मात्र पुष्कळदां कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. शाळेचा गणवेश हें त्याचें ठळक उदाहरण. २०२४-२५ च्या शालेय वर्षांत राज्यानें गणवेशाचें कापड मध्यवर्ती खरेदीनें घेऊन शिलाईचें काम महिला बचत गटांकडे सोपविलें. हेतु चांगला होता. परंतु कापड येण्यास उशीर झाला, कित्येक शाळांत मुलांना गणवेश वेळेवर मिळाले नाहींत, आणि डिसेंबर २०२४ मध्यें खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यांत आला. या सर्व घडामोडींतून गांवानें एक बोध घ्यावा. समितींतील पालक गांवचेच, मुलें गांवचीं, शिवणाऱ्या बायाहि गांवच्या. मापें समाजमंदिरांत घेतलीं, कापड तेथेंच बेतलें आणि शाळा उघडण्याआधीं गणवेश तयार झाले, तर शिलाईचा पैसा गांवांतच राहील आणि धूळ खाणारीं यंत्रें चालूं लागतील.

वेळेचा प्रश्नहि असाच महत्त्वाचा आहे. खेड्यांतील बाईचें पंचांग शेत ठरवितें. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन, दिवाळीच्या आगेमागें कापसाची वेचणी, माघ-फाल्गुनांत हळद काढणें, शिजविणें आणि वाळविणें. मराठवाड्यांतील कित्येक तांडे तर दिवाळीच्या सुमारास ऊंसतोडीस निघून जातात, ते उन्हाळ्यांतच परततात. हिशेब मार्चअखेर मिटवावयाचा म्हणून ऐन हळदीच्या हंगामांत वर्ग भरला, तर पटावर नांवें राहतात आणि जागा रिकामी राहते. वैशाखांतील दुपारी आणि पावसाळ्यांतील उघाडीची वाट पाहण्याचे दिवस हाच या कामाचा खरा हंगाम होय.

शिक्षण आणि अवजारें यांची सोय आज पूर्वींइतकी अवघड राहिलेली नाहीं. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेंत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी अशा १८ व्यवसायांसाठीं पांच ते सात दिवसांचें प्राथमिक शिक्षण, त्या काळांत रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवलेलें आहे. परंतु सात दिवसांत हाताला दिशा मिळते, सफाई येत नाहीं. सफाई येते ती रोज बसल्यानें, शेजारणीचें काम पाहिल्यानें आणि चुकलेला टांका उसवून पुन्हा घातल्यानें. ही रोजची बैठक कोणतीहि योजना बाहेरून आणून देऊं शकत नाहीं. ती गांवालाच घालावी लागते.

आणि ती घालणें फार खर्चाचें नाहीं. समाजमंदिराची किल्ली ग्रामपंचायतीच्या कपाटांत न राहतां काम करणाऱ्या चौघींच्या हातीं असावी. दुपारचे दोन तास ठरलेले असावेत. दारावर कोणाची जात विचारली जाऊं नये. ज्या म्हातारीला लिहितां येत नाहीं पण टांका येतो, तिला शिक्षिकेचा मान मिळावा आणि शक्य तर मानधनहि. संध्याकाळीं त्याच सतरंजीवर मुलांनीं अभ्यास करावा आणि एकादशीला तेथेंच भजन व्हावें. जेथें दुपारीं हात चालतात तेथें रात्रीं टाळ वाजावयास फारशी विनवणी करावी लागत नाहीं.

शहरांतील सुशिक्षित घरांनाहि यांत वांटा उचलतां येईल. प्रदर्शनांत गोधडीची किंमत विचारून ती फार झाली असें म्हणण्यापूर्वीं तींत किती दिवसांचे टांके आहेत हें मोजून पाहावें. आणि गांवाशीं नातें असेल तर दरवर्षीं एक तरी वस्तु ठरवून, आगाऊ सांगून, रोख दामानें त्या बायकांकडूनच करून घ्यावी. दया म्हणून केलेली खरेदी एकदांच होते. गरज म्हणून दिलेलें काम पुढच्या वर्षीं पुन्हा येतें, आणि त्या भरंवशावरच समाजमंदिराचें दार उघडें राहतें.