मतदानाची सक्ती कोणावर?



मत न देणाऱ्याला दंड करा, अशी मागणी शहरातून अधूनमधून उठते. आता आपल्यातलेही काही जण तसे म्हणू लागले आहेत, म्हणून आज त्यावर बोलू.

सक्ती आपल्याला नवी नाही. 1972 साली कापसाची एकाधिकार खरेदी आली. कापूस सरकारलाच घालायचा, राज्याच्या सीमेपलीकडे न्यायचा नाही. गाडी अडवायला नाक्यावर माणसे होती. चुकारा वेळेवर द्यायला मात्र कोणी नव्हते.

मतदानाची सक्ती गुजरातने करून पाहिली. स्थानिक संस्थांच्या निवडणुकीपुरते विधेयक 2009 साली विधानसभेत मंजूर झाले, राज्यपालांची सही व्हायला 2014 उजाडले. 2015 मध्ये दंड ठरला 100 रुपये, आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. केंद्राच्या विधी आयोगानेही त्याच साली सक्ती नको म्हणून सांगितले.

ऑस्ट्रेलियाचा दाखला देणारे अर्धेच सांगतात. तिथे 1924 साली सक्ती आली आणि साठ टक्क्यांच्या आतले मतदान पुढच्याच निवडणुकीत 91 टक्क्यांवर गेले, हे खरे. पण तिथे मतदान शनिवारी असते, आणि माणूस दुसऱ्या गावी असला तरी आपल्या राज्यातल्या कुठल्याही केंद्रावर मत देतो.

आपल्याकडे काय? 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचे मतदान झाले ते ऐन वेचणीत. त्या दिवशी कायद्याने पगारी सुट्टी. पण वेचणीची मजुरी किलोवर, तिला कसली सुट्टी? बीडकडचा ऊसतोड मजूर तर कोयता घेऊन निघालेला. त्याला गावी आणायला गाडी पाठवणारा मत कुणाला द्यायचे तेही सांगतो. दंडाची पावती फाटणार ती याच्याच नावाने.

आणखी एक. रस्ता नाही, पाणी नाही म्हणून गाव मतदानावर बहिष्कार टाकते, तेव्हा कुठे साहेब लोक धावत येतात. दंड लागला की हे हत्यार गेले. ‘नोटा’ आहे की, असे कोणी म्हणेल. 2013 पासून आहे. पण आमदारकी-खासदारकीला नोटाला सर्वांत जास्त मते पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतोच!

आम्ही मत देतो, देणारही. पण या बैठकीने दंडाला पाठिंबा देऊ नये. ठराव करायचाच तर असा करा: मतदानाची तारीख वेचणीत नको, आणि ऊसतोड मजुराला कारखान्याच्या गावीच आपल्या मतदारसंघाचे मत देता आले पाहिजे.