चूक माझी होती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चार बायकांपुढे बोलायची सवय नाही, तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी. आज माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगणार आहे. ज्यांच्याविषयी बोलायचे, त्या माझ्या धाकट्या दिरांना विचारूनच उभी राहिले आहे.

बारा वर्षांपूर्वी भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, मला लग्न नको. माझे मन मुलींकडे जात नाही." मी ते हसण्यावारी नेले. एकदा अक्षता पडल्या की सारे सुरळीत होते, असे आपण म्हणतोच ना? स्थळ मीच आणले. आठ महिन्यांत ती पोर माहेरी परत गेली, आणि लोकांनी दोष तिलाच दिला. पुढे तिने दुसरा संसार मांडला, एवढेच समाधान. भाऊजी मात्र घरात मुके झाले.

एके दिवशी ते म्हणाले, "वहिनी, माझ्याबरोबर वाकोल्याला येता?" घाटकोपरहून कुर्ला, तेथून रिक्षा. मनात धाकधूक होती. पाहते तो काय, खुर्च्या मांडलेल्या आणि आपल्या घरातल्यासारखी मुले बोलत बसलेली! भाऊजींना इतके मोकळे हसताना मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

ती संस्था म्हणजे 'हमसफर ट्रस्ट'. हमसफर म्हणजे वाटेतला सोबती. पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९० साली अशा लोकांसाठी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढले आणि १९९४ साली मित्रांसह ही संस्था स्थापली. त्या काळी एचआयव्हीची भीती मोठी, आणि लाजेपायी दवाखान्यात कोणी जाईना. मुंबई महापालिकेने वाकोल्याला आपल्या इमारतीत त्यांना जागा दिली. तेथे रक्ततपासणी, समुपदेशन, वकिलाचा सल्ला अशी कामे सुरू झाली. पण मला वाटते, चार घटका न घाबरता बसता येणे हेच खरे औषध.

कारण कायदाही विरुद्ध होता. कलम ३७७ हे इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेतले. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिलासा दिला, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला, आणि शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने सज्ञान माणसांचे परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. विवाहाचा हक्क मात्र २०२३ च्या निकालातही मिळाला नाही.

कोणी म्हणेल, ही परदेशी खुळे. पण तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ सालचे. त्यातली मुलगी आपल्याच मराठी घरातली आहे.

भगिनींनो, या मंडळात आपण कितीतरी लग्ने जुळवली. यापुढे मुलगा किंवा मुलगी "नको" म्हणाली, तर दार लावून शेजारी बसा आणि "का?" एवढे विचारा. उत्तर ऐकून घ्या. लग्न हे काही औषध नव्हे; त्या औषधाने दोन घरे आजारी पडतात. मी पाडली आहेत.

यंदा भाऊबीजेला भाऊजींनी आपल्या मित्राला जेवायला आणले. मी दोन पाने शेजारी शेजारी मांडली. सासूबाईंनी त्याला आग्रहाने दुसरी पुरणपोळी वाढली. त्या काही बोलल्या नाहीत, पण आमच्या घराला तेवढे पुरले.