पट्टीचा खर्च कुठं धरायचा?

(सोलापूर जिल्हा बैठकीतील भाषण)



आज भावावर बोलायचं नाही, आजारावर बोलायचं, असं ठरवून आलो होतो. पण हिशेब मांडल्याशिवाय आपल्याला बोलता येत नाही.

शुगर हा बसून खाणाऱ्यांचा आजार, अशी आपली समजूत आहे. 2023 साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात दहा कोटींच्या वर मधुमेही निघाले. एवढे बसून खाणारे या देशात आहेत तरी कुठं? माझ्या आईचा जन्म खुरपणीत गेला, तिलाही सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई आहे.

आता हिशेब. इन्सुलिनची साधी बाटली दीडशे रुपयांच्या आसपास मिळते. तिच्यात 400 युनिट. आईला दिवसाला 30 लागतात, म्हणजे बाटली तेरा दिवस पुरते. हे झेपतं. पण घरी साखर बघायच्या मशीनची एक पट्टी वीस रुपयांची धरा. रोज दोन म्हटल्या तर वर्षाला 14,600 रुपये. मालदांडीचा 2025-26 चा आधारभूत भाव 3,749 रुपये. म्हणजे जवळजवळ चार क्विंटल ज्वारी नुसत्या पट्ट्यांना, तीही तो भाव बाजारात हाती पडला तर. कोरडवाहू एकरातून चार क्विंटल निघाली तरी आपण पीक बरं आलं म्हणतो.

म्हणून घरात पहिली काटछाट पट्टीवर होते. आम्हीही केली. सुई चालू, तपासणी बंद. त्या हंगामात आई सुकत चालली. रात्रीत पाच वेळा उठायची, उशाशी पाण्याचा तांब्या. दवाखान्यात डोस वाढवून दिला, तरी फरक नाही. शेवटी शेजारच्या पोराच्या मशीनवर तिचं बोट टोचलं, आकडा आला 412.

चूक सिरिंजची होती. दुकानातून नारिंगी टोपणाची आणली होती, आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही. आपल्याकडची बाटली 40 ची असते, तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपण 100 च्या इन्सुलिनचं. आम्ही पंधराच्या रेघेपर्यंत भरत होतो आणि अंगात सहाच युनिट जात होते. उलटं झालं असतं, 100 चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमधून दिलं असतं, तर पंधराचे साडेसदतीस झाले असते. त्यात माणूस हातचा जातो. फवारणीचं माप आपण झाकणानं दोनदा मोजतो. सुईचं माप कोण मोजतं? घरी गेल्यावर बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग ताडून बघा. चुकीचं निघालं तर डॉक्टरांना सांगूनच बदला, कारण मधे डोस वाढवलेला असतो.

आता आम्ही रोज एकच पट्टी वापरतो, वेळ बदलून. एक दिवस उपाशीपोटी, एक दिवस जेवल्यावर दोन तासांनी. हे डॉक्टरांना विचारून ठरवलं. ज्या पोरांना लहानपणीच हा आजार लागलाय त्यांना एवढ्यावर भागत नाही, आणि त्यांचं इन्सुलिन तर एक दिवसही बंद करायचं नाही, पोर जेवत नसलं तरी. बोट टोचण्याआधी हात धुवा. गुळाचा हात असला तर मशीन खोटं बोलतं. भाकरी शुगरला चालते म्हणून चार भाकरी खाणाऱ्यांनी एकदा दोन तासांनी बघावं. हुरड्याच्या दिवसात तर जरूर बघावं.

राहिली उन्हाची गोष्ट. न फोडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठली की फेकायची. पण फ्रिज नाही, किंवा वीज नाही, म्हणून सुई सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. केनियातल्या दादाब छावणीतलं ऊन धरून जिनिव्हा विद्यापीठानं तपासणी केली. 2021 साली निष्कर्ष आला की 25 ते 37 अंशांत इन्सुलिन चार आठवडे टिकतं. आपला मे महिना त्याच्या वर जातो. म्हणून मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत लहान मडकं, त्यात झाकणाच्या कोरड्या डब्यात बाटली, आणि सगळं सावलीत. फोडल्याची तारीख बाटलीवर लिहा, चार आठवड्यांनंतर वापरू नका.

वेचणीला जाताना साखरेची पुडी जवळ असू द्या. घाम फुटला, हात थरथरले, की तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क आहेत. निःशुल्क म्हणजे कपाटात आहेच असं नाही. तेव्हा प्रत्येक गावानं इन्सुलिनवरच्या माणसांची संख्या आणि महिन्याला लागणाऱ्या बाटल्या कागदावर मांडाव्यात, पट्ट्यासुद्धा, आणि तो कागद प्राथमिक आरोग्य केंद्रात देऊन पोच घ्यावी. पुढच्या बैठकीला मी आमच्या गावची पोच आणि आईच्या साखरेची वही घेऊन येतो. तुम्हीही तुमची घेऊन या.