मोटारीचा श्वास

यंत्र खोलणें सोपें असतें. परंतु खोललेलें यंत्र पुन्हां होतें तसें जोडणें, यांत माणसाच्या बुद्धीपेक्षां त्याच्या स्वभावाचीच परीक्षा अधिक होते. जुन्या मोटारी हौसेनें सांभाळणाऱ्या लोकांना हा अनुभव नेहमीं येतो. इंजिनास हवा पुरविणारा जो मॅनिफोल्ड नांवाचा भाग, तो काढून पुन्हां बसविण्याचें काम वरवर पाहतां किरकोळ दिसतें. चार-सहा नट आवळावे आणि गाडी रस्त्यावर काढावी, असें नवख्यास वाटतें. पण याच नटांच्या मागें इंजिनाचें आयुष्य, आणि प्रसंगीं चालविणाराचा जीवही, अवलंबून असतो.

उदाहरणादाखल इंग्लंडांतील एम. जी. बी. ही गाडी घ्यावी. ॲबिंग्डन गांवच्या कारखान्यांत १९६२ पासून १९८० पर्यंत ही लहानशी स्पोर्ट्स मोटार बनत असे, आणि तेथून पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. तिचें इंजिन चार सिलिंडरांचें, १७९८ घन सेंटिमीटरचें. आपल्याकडील ॲम्बॅसेडर गाडींत कैक वर्षें जें १४८९ घन सेंटिमीटरचें इंजिन बसत असे, तें याच घराण्यांतलें. ॲम्बॅसेडरचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. पण जुन्या मिस्त्रींपुढें एम. जी. बी. चें बॉनेट उघडलें, तर त्यांना तें इंजिन परकें वाटणार नाहीं.

या इंजिनाची ठेवण ध्यानांत घेण्याजोगी आहे. हवा आंत नेणारा मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा, आणि धूर बाहेर टाकणारा बिडाचा. दोन्हीही एकाच बाजूस, एकमेकांना खेटून, एकाच गॅस्केटावर बसतात. चार सिलिंडरांना आंत येण्याच्या वाटा मात्र दोनच आहेत, म्हणजे एकेका वाटेवर दोन दोन सिलिंडर पोसले जातात. कार्ब्युरेटर वजनानें एक भाग पेट्रोलांत सुमारें पंधरा भाग हवा मिसळून देतो, आणि हें मिश्रण मॅनिफोल्डांतून इंजिनांत ओढलें जातें.

आतां या सांध्यांत केसाएवढी फट राहिली तर काय होतें? बाजाच्या पेटीच्या भात्यास भोंक पडलें, म्हणजे वाजविणारानें कितीही हवा भरली तरी सूर धरत नाहीं. येथेंही तसेंच, फरक इतकाच कीं पेटीची हवा बाहेर जाते आणि येथें बाहेरची हवा बोलाविल्यावांचून आंत शिरते. मिश्रणांत पेट्रोल कमी पडतें. उभ्या गाडीचें इंजिन एका लयींत चालत नाहीं, धुराच्या नळींतून फटफट आवाज येतात. मालक कार्ब्युरेटरला दोष देतो, त्याचे स्क्रू फिरवीत बसतो, आणि खरा दोष तसाच राहतो. अशा पातळ मिश्रणावर गाडी बरेच दिवस जोरांत चालविली, तर धुराची झडप जळून जाते; मग काटकसरीनें वांचविलेल्या एका गॅस्केटापायीं सारें डोकें उतरविण्याचा खर्च उभा राहतो.

म्हणून शहाणा कारागीर घाई करीत नाहीं. बॅटरीची तार तो आधींच सोडून ठेवतो. जुनें गॅस्केट दोन्ही तोंडांवरून काढावें लागतें. पण तें कोरडें घासूं नये, कारण जुन्या काळच्या पुष्कळ गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. ओलें करून, हलक्या हातानें खरवडावें, आणि निघालेला चोथा पिशवींत बांधून टाकावा. इंजिनाच्या वाटांत चिंध्यांचे बोळे घालावे आणि ते मोजून ठेवावे. एखादा बोळा किंवा वॉशर आंत राहिला, तर इंजिन चालूं होतांच त्याचा हिशेब फार महाग पडतो.

तोंडें स्वच्छ झालीं म्हणजे त्यांवर सरळ पोलादी पट्टी आडवी धरून मागें उजेड धरावा. उजेड डोकावला तर तोंड वांकलें आहे असें समजावें, आणि तें सपाट करून घ्यावें. दुसरी गोष्ट वॉशरांची. मधल्या स्टडांवरचे जाड, रुंद वॉशर एकाच वेळीं दोन्ही मॅनिफोल्डांच्या कडा दाबून धरतात. एक कड जाड आणि दुसरी पातळ असेल, तर वॉशर तिरपा बसून जाड कडेवरच जोर टाकतो, आणि दुसरीखालीं फट राहते. कितीही आवळलें तरी ती मिटत नाहीं. दोन्ही कडा समान करणें हाच उपाय. नट पितळेचे वापरण्याची चाल आहे, कारण उष्णतेनें लोखंडी नट स्टडावर गंजून बसतो, पितळेचा सुटून येतो.

गॅस्केट नेहमीं नवें घालावें. एकदां दाबलेलें गॅस्केट दुसऱ्यांदा नीट दबत नाहीं. नट प्रथम हातानें लावावे; मग मधल्यांपासून बाहेरच्यांकडे जात, थोडे थोडे करून, तीनचार फेऱ्यांत आवळावे. तबला सुरांत लावणारा एकाच गठ्ठ्यावर हातोडी मारीत नाहीं. साऱ्या बाजूंनीं ताण सारखा होईल असें पाहतो. नियम तोच. जोर किती लावावा तें गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें, आणि तें मोजणारा पाना मिळतो. मनगटाच्या अंदाजानें स्टड तुटतात.

मग कार्ब्युरेटरांची पाळी येते. या गाडीचे जोडकार्ब्युरेटर धुराच्या तापलेल्या मॅनिफोल्डाच्या वर असतात. म्हणून मध्यें उष्णता अडविणारा पत्रा आणि उष्णता न वाहणाऱ्या जाड चकत्या घातलेल्या असतात. त्या वगळल्या, तर पेट्रोल आंतच उकळूं लागतें. वेग देणारी कळ सोडतांच आपोआप पूर्ण मिटते कीं नाहीं, हें हातानें पाहावें. पुढच्या काळांतील पुष्कळ गाड्यांत ब्रेकला साह्य करणारी एक रबरी नळी मॅनिफोल्डास जोडलेली असते. ती विसरली, तर पहिल्याच वळणावर ब्रेक दगडासारखा कठीण लागेल.

शेवटीं बॅटरी जोडावी, किल्ली फिरवावी, पण इंजिन चालूं करूं नये. मागचा विजेचा पंप टिकटिक करूं लागेल आणि कार्ब्युरेटर भरतांच थांबेल. तो थांबला नाहीं, तर पेट्रोल कोठें तरी गळत आहे. आणि येथें गळणारें पेट्रोल धुराच्या तापणाऱ्या मॅनिफोल्डावरच पडतें. आग विझविण्याचें साधन हाताशीं असल्यावांचून हें काम करूंच नये. फट शोधण्यासाठीं सांध्यांवर पेट्रोल शिंपडण्याची जी जुनी खोड आहे, तीही सोडून द्यावी. रबरी नळीचें एक टोंक कानाशीं आणि दुसरें सांध्यावरून, फिरत्या पंख्यापासून दूर ठेवून, फिरविलें, तर आंत शिरणाऱ्या हवेची सूंसूं स्पष्ट ऐकूं येते.

इंजिन एकदां तापलें, पूर्ण निवालें, म्हणजे नटांवरून पाना पुन्हां एकवार फिरवावा. ही शेवटची फेरी करावयास कोणी सांगत नाहीं, आणि ती केली नाहीं हें त्या दिवशीं कोणाला कळतही नाहीं. तें कळतें महिन्या-दोन महिन्यांनीं, घरापासून पन्नास मैलांवर, रात्रीच्या वेळीं. पाना ठेवून हात धुण्यापूर्वीं ज्याला हें आठवतें, त्याचीच जुनी गाडी त्याच्या मुलांच्या काळांतही चालत राहते.