पिकाबरोबर तोंडाचीही पाहणी करा



शिवारफेरीत चंची हमखास पुढे येते, म्हणून आज पिकाऐवजी तोंडाविषयी बोलतो. पानावर ठिपका दिसताच आपण सल्ला विचारता. पण तंबाखूची चिमूट रोज जिथे धरता, तो गाल आतून कधी पाहिलात का?

चुन्यामुळे निकोटीन लवकर भिनते व आतली नाजूक त्वचा सोलवटते. हिरड्या सुटून दातांची मुळे उघडी पडतात. मशेरीनेही तेच होते.

पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे, यांपैकी काहीही दिसल्यास, दुखत नसले तरी, दंतवैद्यांना दाखवा. तोंडाचा कर्करोग लवकर कळला, तर बरा होऊ शकतो.

महिन्यातून एकदा आरशात तोंड तपासा. चंची मात्र आजच सोडा.