ताबा मिळेना तेव्हा



हळदीकुंकवाच्या दिवशी कायद्याचे काय बोलायचे, असे तुम्हांला वाटेल. पण आमच्या घरचेच सांगते. माझ्या धाकट्या जावेच्या फ्लॅटच्या ताब्याची तारीख उलटून दोन वर्षे झाली. बिल्डर म्हणे, “वहिनी, दिवाळीपर्यंत थांबा.” कोणती दिवाळी, ते मात्र सांगेना! कर्जाचा हप्ता आणि घरभाडे दोन्ही चालूच. पैसे परत मागितले, तर “रक्कम कापून देऊ” म्हणाला. आम्हांला तेही खरेच वाटले!

तसे मुळीच नाही. २०१६ च्या रेरा कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे, करारातल्या तारखेला ताबा न मिळाल्यास घेणाऱ्याला व्यवहार सोडून भरलेले पैसे व्याजासह परत मागता येतात. हा हक्क बिनशर्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले. घर हवेच असेल, तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज. नुसते मन बदलले म्हणून मात्र हे कलम उपयोगी नाही. आणि तारीख करारात हवी. नोंदणीकृत करारावाचून बिल्डरला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

जावेने महारेराकडे तक्रार केली. घर ठेवून व्याज मागितले. मी असते तर पैसेच परत घेतले असते. त्यावरून आमचे अजून वाजते!